आवाज चढायच्या आधी शरीरात काय होतं: आयांनी आपला स्ट्रेस कसा ओळखायचा आणि कसा सांभाळायचा

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना एका रात्री त्याच्या हातून पाण्याचा ग्लास सांडला आणि मी इतक्या जोरात ओरडले की तो भिंतीला चिकटून उभा राहिला. ग्लासभर पाणी होतं फक्त. फडकं मारलं असतं की विषय संपला असता. तो झोपल्यावर मी त्याच्या शेजारी बसून रडले, उद्यापासून ओरडायचं नाही असं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत तेच. असं "उद्यापासून नाही" किती वेळा ठरवलं असेल कोण जाणे, आणि दरवेळी वाटायचं की आपल्यातच काहीतरी खोट आहे, बाकीच्या आया बघा कशा शांत असतात.

खूप उशिरा कळलं की मी चुकीच्या जागी उपाय करत होते. ओरडायचा तो क्षण थांबवायला बघत होते, पण तो क्षण सगळ्यात शेवटी येतो. त्या रात्रीचं ओरडणं खरं तर दुपारी ३ लाच सुरू झालं होतं. दुपारचं जेवण राहून गेलेलं, कामाचा एक फोन वाईट झालेला, धाकटी झोपलीच नव्हती, त्यामुळे तीन तास कुणी ना कुणी अंगाला लटकलेलं, मागे टीव्हीचा आवाज, आणि डोक्यात उद्याची यादी चालूच. पाणी फक्त शेवटी सांडलं.

मी डॉक्टर नाहीये. पण या विषयावर गेली काही वर्षं जे वाचलं, स्वतःवर करून बघितलं आणि ज्याचा उपयोग झाला ते इथे क्रमाने लिहितेय. सगळं एका दिवसात करायला जाऊ नका, एकेक पायरी आठवडाभर केली तरी चालेल.

पहिली पायरी: शरीर काय करतंय ते नीट समजून घ्या

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण सोडू नका, कारण माझी निम्मी अपराधीपणाची भावना हे कळल्यावरच गेली.

धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं, हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास मांडलं. होतं असं की मेंदूत बदामाएवढा अमिग्डाला नावाचा भाग असतो, तो सतत धोक्याचा वास घेत असतो. त्याला काही खटकलं की मेंदूतल्याच हायपोथॅलॅमस नावाच्या भागाला निरोप जातो, तिथून किडनीच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन रक्तात येतं. हृदय धडधडतं, श्वास वरवरचा होतो, स्नायू ताठ होतात, पचन मंदावतं. हे सगळं तुम्ही विचार करायच्या आधी होऊन जातं. आणि स्ट्रेस जास्त झाला की कपाळामागचा जो भाग आपल्याला "थांब, लहान आहे तो" असं सांगतो त्याचीच पकड ढिली पडते. म्हणजे ज्या वेळी समजूतदारपणा सगळ्यात जास्त हवा असतो नेमका त्याच वेळी तो हाताशी नसतो!

आता यातली सगळ्यात कामाची गोष्ट. अ‍ॅड्रिनलिन पटकन येतं आणि पटकन ओसरतं, पण त्याच्या मागून कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं हार्मोन येतं ते सावकाश. प्रसंग सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी ते सगळ्यात वर असतं आणि उतरायला त्याहून जास्त वेळ घेतं. म्हणजे फोनवरचं भांडण ५ ला संपलं तरी सव्वापाचला तुमच्या शरीरात ते चालूच आहे, आणि त्यात कुणी "आईईई" अशी हाक मारली की शरीराला ती नवीन हाक वाटतच नाही, त्याच धोक्याचा पुढचा भाग वाटतो. आयांच्या दिवसात दोन प्रसंगांच्या मध्ये २० मिनिटंसुद्धा मिळत नाहीत, म्हणून एकावर एक थर चढत जातात. वर्षानुवर्षं असं चाललं की शरीराची झीज होते, तिला शास्त्रज्ञ अ‍ॅलोस्टॅटिक लोड म्हणतात. ब्लडप्रेशर, झोप, प्रतिकारशक्ती सगळ्यावर परिणाम होतो.

अजून एक. स्ट्रेसवरचे सुरुवातीचे बरेचसे प्रयोग पुरुषांवर किंवा नर प्राण्यांवर झाले होते. २००० साली मानसशास्त्रज्ञ शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की बायकांमध्ये लढा-पळा याच्या जोडीला अजून एक प्रतिसाद दिसतो, पिल्लांना जवळ घ्यायचं आणि आपल्या माणसांकडे जायचं. मला हे वाचून बरं वाटलं, कारण त्रास झाला की मैत्रिणीला फोन करावासा वाटणं हा कमकुवतपणा नसून शरीराचाच एक मार्ग आहे, तो वापरा.

तुमचं शरीर कुठल्या वाटेने जातं?

सगळ्याच आया ओरडत नाहीत. माझं लढणं होतं, म्हणजे आवाज, आपटलेली कपाटं, टोचून बोलणं. माझी बहीण पळते, पण घरातल्या घरात: ताण आला की ती साफसफाई काढते, नाहीतर बाथरूममध्ये जाऊन फोन स्क्रोल करत बसते, आणि लोकांना वाटतं किती कामसू आहे. काहीजणी गोठतात. पोरं रडतायत, सिंक भरलंय, आणि ती नुसती बघत उभी, हात उचलवत नाही, कान बंद झाल्यासारखे. हिला लोक आळशी म्हणतात, जे फार अन्यायाचं आहे, कारण तिच्या शरीरावर ताण तेवढाच असतो, फक्त ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही एकदम दाबलेले असतात. आणि चौथी असते सगळ्यांना हो म्हणणारी, कुणी नाराज होऊ नये म्हणून स्वतःला मुरड घालत राहणारी. हा चौथा प्रकार प्रयोगशाळेतून आला नाहीये, थेरपिस्ट लोकांच्या अनुभवातून आलाय, पण कितीतरी जणींना तो वाचून स्वतःचा चेहरा दिसतो.

बहुतेक जणींचं मिश्रण असतं. ऑफिसात हो-हो आणि घरी आल्यावर स्फोट, हे तर अगदी नेहमीचं. तुमचा मुख्य प्रकार कुठला ते एका वाक्यात लिहून ठेवा, पुढे लागेल, कारण जी गोठते तिला "शांत हो" सांगून काही फायदा नाही, तिला आधी थोडी हालचाल हवी असते: उभं राहणं, पाय आपटून चालणं, गार पाण्यात हात धरणं.

सात दिवसांची नोंद

माझ्यासाठी सगळ्यात जास्त फरक इथे पडला. फोनच्या नोट्समध्ये सात दिवस, जेव्हा जेव्हा भडका उडेल किंवा गोठायला होईल, तेव्हा नंतर तीन गोष्टी लिहायच्या: वेळ काय होती, शरीरात कुठे काय जाणवलं, आणि त्याआधीच्या तीन तासांत काय काय झालं होतं. मुलाने काय केलं हे लिहायचं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आपण पहिल्यांदा तेच लिहितो, "त्याने ऐकलं नाही म्हणून", आणि मग नोंद म्हणजे मुलाच्या तक्रारींची वही होऊन बसते. मूल रोजच ऐकत नाही. मग मंगळवारी चाललं आणि गुरुवारी का नाही चाललं, हा प्रश्न आहे.

माझ्या आठवड्यात सहा नोंदी झाल्या. त्यातल्या पाच संध्याकाळी साडेसहा ते आठमधल्या होत्या, चार दिवशी दुपारचं जेवण नीट झालं नव्हतं, आणि सगळ्याच वेळी किमान दोन आवाज एकदम चालू होते. सहाच ओळी, पण त्या बघून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. इतकी वर्षं स्वभाव स्वभाव म्हणत होते आणि इथे भूक, वेळ आणि आवाज दिसत होते. पाळी येत असेल तर तारीखही लिहा, काहीजणींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात सगळं दुप्पट जाणवतं, आणि रात्री किती झोप झाली तेही.

पहिली खूण शोधा आणि तिला नंबर द्या

भडका अचानक उडाला असं वाटतं पण शरीर आधीपासून सांगत असतं. माझा जबडा आवळला जातो आणि मी भराभर चालायला लागते. कुणाचे खांदे कानापर्यंत चढतात, कुणाला कपडे टोचायला लागतात, कुणाला चावण्याचा आवाजसुद्धा सहन होत नाही. नोंदीतली दुसरी गोष्ट वाचलीत की तुमची खूण सापडेल.

मग ० ते १० असा नंबर द्यायची सवय लावा. ० म्हणजे निवांत, १० म्हणजे ताबा गेलेला. दिवसातून चार-पाच वेळा, दार उघडताना, हात धुताना, नुसतं विचारायचं, आत्ता किती? आपण बऱ्याचजणी ६ वर जगत असतो आणि त्याला नॉर्मल समजतो, म्हणून ६ वरून ९ ला जायला एक सांडलेला ग्लास पुरतो. उपाय करायची जागा ४ ला आहे. ८ ला श्वासाबिसाचं काही आठवत नाही, तिथे एकच उपाय, तो पुढे सांगते.

हा नंबर मुलांना ओळखायला लावू नका. "आईचा मूड बघून वाग" हे ओझं मुलाच्या डोक्यावर जाता कामा नये. मोठ्या मुलाला तुम्ही स्वतः सांगू शकता की आत्ता मी दमलेय, मला पाच मिनिटं हवीत, एवढं पुरे.

त्या क्षणी काय करायचं

नंबर ४ ते ६ असेल तर श्वासापासून सुरू करा, पण "दीर्घ श्वास घ्या" हा सल्ला अर्धवट आहे. श्वास घेताना हृदयाचा वेग थोडा वाढतो आणि सोडताना कमी होतो, त्यामुळे महत्त्व सोडण्याला आहे. नाकाने घ्या, मग त्यावरच अजून एक छोटा श्वास घ्या आणि तोंडाने लांबलचक, अगदी रिकामं होईपर्यंत सोडा. मुलं खूप रडून झाल्यावर असाच दुहेरी हुंदका देतात बघा. असे तीन-चार केले तरी फरक जाणवतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी महिनाभर रोज ५ मिनिटं असा श्वास करणाऱ्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात श्वासाचे व्यायाम करणाऱ्यांचा मूड, आणि त्यातही हा श्वास करणाऱ्यांचा, ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला होता. शांत असताना रोज करून ठेवा, तरच गडबडीत आठवेल.

दुसरं, जे वाटतंय त्याला नाव द्या. मनात नाही, हळू आवाजात, शब्दांत: "मला राग आलाय आणि मी खूप थकलेय." मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये दाखवलं की भावनेला शब्द दिला की अमिग्डालाची हालचाल कमी होते. मला सुरुवातीला हे खोटं वाटायचं पण होतं खरं, आणि "राग" म्हणून जे सुरू होतं ते बरेचदा बोलता बोलता "मला एकटं वाटतंय" किंवा "मला भीती वाटतेय" असं निघतं.

चेहऱ्यावर गार पाणी मारणं हे पण नुसतं म्हणायला नाहीये, चेहरा गार पाण्यात गेला की हृदयाचा वेग मंदावतो, हा शरीराचा जुना रिफ्लेक्स आहे (हृदयाचा त्रास असेल तर फार गार पाणी नको). आणि अंगात साठलेली ताकद कुठेतरी जायला हवी असेल तर दोन्ही तळहात भिंतीला लावून दहा सेकंद जोरात ढकला आणि सोडा. पण उशीवर ठोसे मारून राग काढायचा सल्ला मात्र घेऊ नका. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन यांच्या प्रयोगात रागाचा विचार करत पंचिंग बॅगला मारणाऱ्या लोकांचा राग काहीच न करणाऱ्यांपेक्षाही जास्त होता.

नंबर ८ च्या वर असेल तर तिथून बाजूला व्हा. बाकी काही नाही. मोठं मूल असेल तर एक वाक्य आधीच ठरवून ठेवा, "मी पाच मिनिटांत परत येते", आणि खरंच परत या, नाहीतर मुलाला ते सोडून जाणं वाटतं.

तान्हं बाळ असेल तर हे नीट वाचा. पहिल्या काही आठवड्यांत रडणं वाढत जातं, साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि मग कमी होत जातं, कितीतरी वेळा कारण सापडतच नाही. भूक, लंगोट, ताप सगळं बघून झालं आणि तुमचा ताबा सुटतोय असं वाटलं तर बाळाला पाळण्यात किंवा सपाट सुरक्षित जागी पाठीवर झोपवा, दार ओढून घ्या, आणि ५-१० मिनिटं दुसऱ्या खोलीत जा, कुणालातरी फोन करा. तेवढं रडल्याने बाळाला इजा होत नाही. जोरात हलवल्याने, गदागदा हलवल्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. खोलीबाहेर जाणारी आई वाईट नसते, ती बाळाला जपत असते.

नंतरची वीस-तीस मिनिटं

वर कॉर्टिसॉलचं सांगितलं ते इथे लावा. भडका शांत झाल्यासारखा वाटला तरी लगेच मुलाला समजावायला बसू नका, नवऱ्याला लांबलचक मेसेज टाइप करू नका, शाळेच्या ग्रुपवर उत्तर देऊ नका. तेवढ्या वेळात फक्त हाताची कामं करा, पाणी प्या, काही खाल्लं नसेल तर खा.

मग मुलाकडे परत जा

आपल्याला वाटतं एकदा ओरडलो म्हणजे मुलाच्या मनावर कायमचा ओरखडा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आई आणि बाळांचे प्रयोग केले. आई दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवून बसायची, बाळ आधी हसून, हात करून तिला बोलवायचं आणि मग कासावीस व्हायचं. हा भाग सगळ्यांना माहीत असतो, बघून पोटात तुटतं. पण त्यांचं पुढचं काम फारसं सांगितलं जात नाही: चांगलं नातं असलेल्या आई-बाळांचे सूरसुद्धा साधारण ३० टक्केच वेळ जुळलेले असतात, बाकी वेळ चुकामूक आणि परत जुळवणं चालू असतं. मूल जे शिकतं ते या परत जुळवण्यातून.

म्हणून माफी मागा, पण छोटी. "मी खूप जोरात ओरडले. तू घाबरलास ना? ते चुकीचं होतं. पाणी सांडलं तर आपण पुसतो." बस. त्याला "पण तू पण ना" जोडलं की माफीचा परत आरोप होतो, ही चूक मी खूप वेळा केलीये. आणि मुलासमोर रडून "मी वाईट आई आहे" म्हणू नका, मग तेच तुमची समजूत काढत बसतं. लगेच जवळ आलं नाही तर ओढून घेऊ नका, शेजारी बसा, येईल. मार बसला असेल, किंवा हे रोजचंच झालं असेल, तर मात्र नुसत्या माफीवर थांबू नका, मदत घ्या.

थर कमी करायचे

आता नोंद परत उघडा. एकच थर निवडा, जो सगळ्यात जास्त वेळा दिसतोय. माझा भूक होता, म्हणून मी चारला फोनवर अलार्म लावला आणि अलार्म वाजला की उभ्याउभ्या का होईना काहीतरी खायचं. इतकं साधं, आणि संध्याकाळचे नंबर दोनने खाली आले. आवाज असेल तर टीव्ही बंद, किंवा कानात साधे इअरप्लग, मूल ऐकू येतंच, फक्त धार कमी होते. कॉफीकडे बघा, कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी ५ ची कॉफी रात्री १० ला अर्धी अंगात आहे, आणि झोप मोडली की दुसरा दिवस ४ वरच सुरू.

ठरवताना "मी शांत राहीन" असं ठरवू नका, "जर-तर" असं ठरवा: जर दोघं एकदम हाका मारायला लागले, तर मी आधी दोन्ही पाय जमिनीवर टेकवून एक लांब श्वास सोडेन. पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनात असे जर-तरचे बेत मोघम निश्चयापेक्षा जास्त पाळले जातात असं दिसलंय.

आणि डोक्यातली यादी, तिचं काय? हात रिकामे असतानाही ती चालू असते, लसीची तारीख, लहान झालेले बूट, उद्याची वही. घरात दुसरं मोठं माणूस असेल तर "मदत" मागू नका, एक अख्खं काम द्या, आठवण ठेवण्यासकट. लसीकरण तुझं म्हणजे तारीख बघणं, वेळ घेणं, नेणं, रात्री ताप आला तर बघणं, सगळं तुझं, मी विचारणार नाही. सुरुवातीला ते काम तुमच्यासारखं होणार नाही आणि तुम्हाला बोलावंसं वाटेल, तेव्हा गप्प राहणं अवघड जातं, मला अजून जातं. एकट्या आई असाल तर कुणाला काम देणार हा प्रश्न आहेच, मग यादी कागदावर उतरवा आणि त्यातल्या दोन गोष्टी सरळ सोडून द्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. घरात कुणी मारत असेल, धमकावत असेल, पैसे अडवत असेल, तर तुमचं शरीर जे करतंय ते बरोबरच करतंय, धोका खरा आहे. तिथे श्वासाचे व्यायाम हा उपाय नाही. विश्वासातल्या माणसाला आणि मदत करणाऱ्या संस्थेला सांगा, आधी सुरक्षित व्हा.

डॉक्टरकडे कधी

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, मन हळवं होणं खूप जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत जातं. त्यापुढे टिकलं तर ते आपोआप जाईल म्हणून थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, मुख्यतः डिप्रेशन. आणि डिप्रेशन नेहमी रडकं नसतं, काहीजणींमध्ये ते सतत चिडचिड आणि राग म्हणूनच दिसतं, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. १९८७ मध्ये बनवलेली एडिनबर्गची दहा प्रश्नांची छोटी चाचणी जगभर वापरतात, डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पण तपासायला सांगा, बाळंतपणानंतर काहीजणींचं थायरॉइड बिघडतं, आणि तसं झालं किंवा रक्त कमी असलं की थकवा, धडधड, चिडचिड सगळं तसंच दिसतं.

स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येत असतील, नसलेले आवाज ऐकू येत असतील, किंवा रात्र रात्र झोप नाही आणि झोपेची गरजच वाटत नाही असं झालं असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात जा आणि तोवर एकट्या राहू नका. हे आजार बरे होतात.

बाकी वेळी, दोन-तीन आठवडे हे सगळं करूनही नंबर ६ च्या खाली येतच नसेल तर अपॉइंटमेंट घ्या आणि जाताना ती सात दिवसांची नोंद बरोबर न्या. समोर बसल्यावर आपण हमखास "तसं ठीक आहे" म्हणतो. तेव्हा फोन उघडून ती नोंद त्यांच्या हातात द्या.